वाचकांचे प्रश्न : शाळेचा पहिला पंधरवडा

जूनच्या मध्यावर शाळा उघडतील आणि त्याच सुमारास जळगाव, धुळे व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील डी.एल.एड. आणि बी.एड. या शिक्षक-प्रशिक्षण अभ्यासक्रमांचे अनेक छात्राध्यापक, म्हणजे शिकाऊ शिक्षक, आंतरवासितेसाठी (शाळेतील प्रत्यक्ष सरावासाठी) शाळांमध्ये दाखल होतील. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात ही आंतरवासिता एकूण वीस आठवड्यांची असते. पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा. त्यांपैकी पहिल्या दोन आठवड्यांविषयीच या वेळी सर्वाधिक पत्रे आली. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मी डी.एल.एड.च्या द्वितीय वर्षात असून मला पारोळा तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत इयत्ता तिसरीचा वर्ग मिळणार आहे. पहिल्या दिवसापासून पाठ घेता यावेत म्हणून मी मराठी व गणिताच्या पहिल्या घटकांची टाचणे (पाठांचे लेखी आराखडे) सुटीतच लिहून ठेवली आहेत. परंतु शाळेत भेटीसाठी गेले असता मुख्याध्यापक म्हणाले, "पहिल्या आठवड्यात निम्मी मुले येणार नाहीत, घाई करू नका." महाविद्यालयात तर पाठांची संख्या मोजली जाते. मी काय करावे?
*(छात्राध्यापिका, पारोळा)*

उत्तर : मुख्याध्यापकांचे म्हणणे खरे आहे आणि ते केवळ अनुभवाने नव्हे, तर गावाच्या वेळापत्रकाने खरे आहे. जूनचा मध्य म्हणजे आपल्याकडे कपाशीच्या लागवडीचे दिवस. पहिला पाऊस पडला की घरातली मोठी माणसे वावरात जातात, लहान भावंडाला सांभाळायला तिसरी-चौथीतली मुलगी घरी राहते. काही मुले आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आईबरोबर मामाच्या गावी गेलेली असतात आणि लग्नसराईत तिकडेच रेंगाळतात. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांतील मुले गावी परतलेली असतात, पण मागच्या वर्षीचे निम्मे सत्र त्यांनी आपल्या वर्गाबाहेर काढलेले असते. हजेरीपटावर चौतीस नावे आणि समोर सोळा मुले, हे चित्र पाहून गडबडून जाऊ नका. पहिला घटक त्या सोळा मुलांना शिकवून संपवलात, तर उरलेल्या अठरा मुलांचे वर्ष मागे पडूनच सुरू होईल.

तुमची टाचणे वाया जाणार नाहीत. ती पंधरा दिवसांनी वापरा आणि तेव्हा ती थोडी बदललेली असतील, कारण तोवर तुम्हाला मुले माहीत झालेली असतील. मला या सदरातून जे सांगायचे आहे ते हेच आहे की, पहिला पंधरवडा शिकवण्यासाठी जितका आहे त्याहून अधिक मुलाला काय येते हे ऐकून घेण्यासाठी आहे. हे ऐकणे मोघम नसावे, ते कागदावर उतरावे.

नावांपासून सुरुवात करा. वर्गाच्या बैठकीचा नकाशा एका कागदावर काढा, प्रत्येक चौकोनात मुलाचे हजेरीतले नाव आणि त्याखाली घरी हाक मारतात ते नाव लिहा. तिसऱ्या दिवशी कागद न पाहता सर्वांना नावाने हाक मारता आली पाहिजे, असे स्वतःवर बंधन घाला. नुसत्या आडनावावर विसंबू नका; आपल्याकडे एकाच वर्गात पाच पाटील किंवा सहा पावरा असणे नेहमीचे आहे.

त्यानंतर वाचन. मागच्या इयत्तेच्या पुस्तकातील एक सोपा उतारा घ्या आणि एकेका मुलाला आपल्या शेजारी बसवून, इतरांसमोर नव्हे, हळू आवाजात वाचायला सांगा. कोण अक्षर ओळखतो, कोण शब्द जोडून वाचतो आणि कोण वाक्य वाचून अर्थ सांगतो, एवढी तीन गटांची नोंद पुरेशी आहे. एका मुलाला तीन-चार मिनिटे लागतात. रोज पाच-सहा मुले घेतली, तरी उशिरा येणारी मुले धरून पंधरवड्यात वर्ग पूर्ण होतो.

गणिताबाबत एक उदाहरण देते, कारण येथेच नवीन शिक्षक सर्वाधिक फसतात. मुलाला ५२ मधून २७ वजा करायला द्या. तिसरीच्या वर्गातील अनेक मुले ३५ असे उत्तर लिहितात. तुम्ही त्यावर फुली मारली तर तुम्हाला फक्त उत्तर चुकले एवढेच कळले. त्या मुलाने काय केले ते पाहा : एककाच्या घरात दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून दोन वजा करून पाच लिहिले, दशकात पाचातून दोन काढून तीन लिहिले. म्हणजे त्याला वजाबाकी येते. "मोठ्यातून लहान काढायचे" हा नियम त्याने प्रत्येक घराला स्वतंत्रपणे लावला आहे. त्याला हातच्याची पायरी कोणीतरी सांगितली असेल, पण एक दशक सोडवून दहा एकक होतात हे त्याने हाताने केलेले नाही. आता त्यालाच ६० मधून ३४ वजा करायला द्या. ३४ उत्तर आले तर तीच चूक आहे. ३० आले तर चूक वेगळी आहे, कारण शून्यातून काही जात नाही म्हणून तेथे शून्यच राहते, असे त्याला वाटते. पहिल्याला काड्यांचे गठ्ठे सोडायला लावा. दुसऱ्याशी आधी शून्याविषयी बोला. एकाच वर्गातील या दोन मुलांना एकच पाठ पुरणार नाही, आणि हे तुम्हाला टाचण लिहिताना कळूच शकले नसते.

आणखी एक गोष्ट याच ठिकाणी सांगते. "बावन्न" ऐकून २५ लिहिणारे मूल तुम्हाला हमखास भेटेल. मराठीत आपण एकक आधी उच्चारतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो, त्यामुळे कानाने ऐकलेला क्रम हाताने उलटा करावा लागतो. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकातील संख्यावाचनाच्या नव्या पद्धतीवरून (बावन्नसाठी "पन्नास दोन") राज्यभर जो वाद झाला, त्याच्या मुळाशी हीच अडचण होती. त्या वादात कोणाची बाजू घ्यावी हा तुमचा प्रश्न नाही. "पन्नास आणि दोन, बावन्न" असे मुलाबरोबर काही दिवस म्हणणे तुमच्या हातात आहे.

पाठांच्या संख्येविषयी म्हणाल, तर मार्गदर्शक प्राध्यापकांना या नोंदी दाखवून निदानाचे तास हेही तुमच्या कामात धरावेत अशी विनंती जरूर करा. नोंदी नीट असतील तर बहुतेक प्राध्यापक नाही म्हणत नाहीत. कोणी नाही म्हटलेच, तर संख्या पुढच्या आठवड्यांत भरून निघते. सोळा आठवडे हा मोठा काळ आहे.

प्रश्न : मी धुळे येथे बी.एड. करीत आहे. आम्हाला वर्गात प्रमाण मराठीचाच आग्रह धरण्यास सांगितले जाते. मागील वर्षीच्या सराव पाठात मात्र मुले "माले येस", "घरमा शे" अशी अहिराणीतून उत्तरे देत होती. मी दुरुस्त केले की इतर मुले हसत आणि उत्तर देणारा गप्प होई. मी स्वतः अहिराणी घरातलाच आहे, तरी वर्गात ती बोलावी की नाही हे मला ठरवता येत नाही.
*(छात्राध्यापक, धुळे)*

उत्तर : तुमच्या पत्रातील "गप्प होई" हे दोन शब्द मला फार वेळ सोडवले नाहीत, कारण अशा एका गप्प झालेल्या मुलीची मी स्वतः कारण आहे. मी छात्राध्यापिका असताना दुसरीच्या वर्गावर पाठ घेत होते. चित्रातल्या म्हशीचा रंग विचारला आणि पहिल्या बाकावरच्या मुलीने उत्साहाने "काया" असे उत्तर दिले. मी तिला "काळा" असे तीनदा म्हणायला लावले. तिसऱ्या वेळी वर्ग हसला. मागे निरीक्षक बसलेले होते, माझा पाठ शुद्ध भाषेत झाला म्हणून मला चांगला शेराही मिळाला. त्या मुलीने मात्र पुढचे नऊ दिवस, म्हणजे मी त्या वर्गावर असेपर्यंत, एकाही प्रश्नाला हात वर केला नाही. तिचे उत्तर बरोबर होते, ही गोष्ट माझ्या लक्षात त्या दिवशी संध्याकाळी आली.

"काया" ही चूक नव्हती, तो अहिराणीचा नियम आहे. प्रमाण मराठीत जेथे ळ येतो तेथे अहिराणीत बहुधा य येतो : डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. मराठीत "घरात", तर अहिराणीत "घरमा". "मला", तर "माले". म्हणजे ज्या मुलाला अहिराणी येते, त्याला एक पूर्ण व्याकरण येते आणि त्या व्याकरणावरून मराठीकडे जायला ठरलेल्या वाटा आहेत. शिक्षक अहिराणी घरातला असेल तर त्या वाटा त्याला न शिकताच माहीत असतात. जळगावकडच्या लेवा बोलीबाबत आणि गुजर समाजाच्या गुजरीबाबतही तेच म्हणता येईल.

प्रत्यक्ष वर्गात असे करा. मुलाने "माले येस" म्हटले की आधी उत्तर स्वीकारा आणि तेच उत्तर सहजपणे मराठीत पुढे न्या : "तुला येते ना, मग फळ्यावर करून दाखव." त्याला पुन्हा म्हणायला लावू नका. दुरुस्त रूप त्याच्या कानावर गेले, एवढे बोलण्यात पुरते. लिहिण्याचे वेगळे आहे. लिहिताना "डोया" आले तर ते तसेच सोडून देऊ नये, कारण पुढे परीक्षेत आणि अर्जात त्याला प्रमाण रूपच लागणार आहे. फळ्यावर दोन रकाने करा, एकीकडे "घरी म्हणतो", दुसरीकडे "पुस्तकात लिहितो". डोया-डोळा, काया-काळा अशा पाच-सहा जोड्या मुलांकडूनच काढून घ्या आणि मग विचारा की दोन्ही रकान्यांत काय बदलले. तिसरी-चौथीची मुले ळ आणि य यांचा नियम स्वतः शोधून काढतात, आणि तो शोधल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे येते ते तुम्ही एकदा पाहाच.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २९ मध्ये शिक्षणाचे माध्यम शक्यतोवर बालकाची मातृभाषा असावे असे म्हटले आहे. कोणी आक्षेप घेतला तर हे सांगण्याइतपत माहिती तुमच्याजवळ असावी. तुम्ही स्वतः वर्गात अहिराणी बोलावी का, असे विचारता. मुलाला समजत नसेल तेथे निःसंकोच बोलावी आणि प्रमाण मराठी चांगली बोलावी. दोन्ही भाषा नीट बोलणारा शिक्षक समोर असणे, हे त्या मुलांसाठी मोठे भाग्य आहे.

हसणाऱ्या मुलांना रागवू नका. तुम्ही हसण्याचे कारणच राहू दिले नाही, की आठवड्याभरात ते थांबते.

प्रश्न : मी जळगाव शहरात वाढलो. माझी नेमणूक अक्राणी तालुक्यातील एका आश्रमशाळेत झाली आहे. तेथील लहान मुले पावरी बोलतात आणि मला त्यातील एक शब्दही येत नाही. वरील वर्गांचे ठीक, पण पहिलीच्या मुलांशी बोलायचे कसे?
*(छात्राध्यापक, जळगाव)*

उत्तर : आधी हे लक्षात घ्या की पहिलीच्या त्या मुलाची अडचण तुमच्यापेक्षा मोठी आहे. तुम्हाला त्याची भाषा येत नाही, त्याला तुमची भाषाही येत नाही आणि त्याचे घरही मागे, डोंगरापलीकडच्या पाड्यावर राहिले आहे. जूनमध्ये आश्रमशाळेत पहिल्यांदा आलेली सहा वर्षांची मुले रात्री रडतात, खिडकीशी उभी राहतात, काही तर घराच्या वाटेने चालू लागतात. म्हणून तुमचे पहिल्या पंधरवड्याचे काम वर्गात कमी आणि वर्गाबाहेर अधिक आहे. जेवणाच्या पंगतीत त्यांच्याबरोबर बसा. आंघोळीच्या वेळी, संध्याकाळी मैदानावर त्यांच्या आसपास राहा. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात शिकवणारे साने गुरुजी तेथील छात्रालयही सांभाळत असत, आणि मुलांना ते जितके वर्गातले शिक्षक म्हणून आठवत राहिले तितकेच छात्रालयातले गुरुजी म्हणूनही. खान्देशात शिक्षक होणाऱ्याला हा वारसा दूर शोधायला जावे लागत नाही.

भाषेसाठी तुमचा पहिला शिक्षक कोण असेल तर स्वयंपाकघरातील स्थानिक मावशी किंवा सातवी-आठवीचा एखादा विद्यार्थी. त्यांच्याकडून पहिल्या दिवशी दहा वाक्ये विचारून देवनागरीत लिहून घ्या : ये, बस, पाणी हवे का, भूक लागली का, पोट दुखते का, भीती वाटते का, घरी कोण आहे, झोप आली का, हे काय आहे, पुन्हा सांग. शेवटची दोन सर्वांत महत्त्वाची आहेत, कारण त्यांच्यामुळे मुले तुम्हाला शिकवू लागतात. वस्तू दाखवून त्यांना नाव विचारा, तुम्ही चुकीचे उच्चारा, ते दुरुस्त करतील. नंतर तुम्ही मराठी नाव सांगा. शिकवण्याच्या या अदलाबदलीत मुलाचे भय फार लवकर ओसरते. भिंतीवर चित्रे लावून खाली पावरी आणि मराठी असे दोन्ही शब्द देवनागरीत लिहा, मात्र पावरी शब्द लिहिण्याआधी तेथील माणसाकडून तपासून घ्या, कारण आपल्या कानाला ऐकू येते ते नेहमी बरोबर नसते.

मोठ्या विद्यार्थ्याला दुभाषा म्हणून रोज वर्गात बसवू नका. त्याचाही अभ्यास आहे. परिपाठानंतरची दहा मिनिटे मागून घेतली तर पुरे.

प्रश्न : वर्ग शांत ठेवता आला नाही तर पाठ निरीक्षणात गुण कमी होतात. शाळेतील शिक्षकांचा वर्ग शांत असतो, पण त्यांच्या टेबलावर छडी असते. आम्ही काय करावे?
*(छात्राध्यापिका, शिरपूर)*

उत्तर : छडीला हात लावू नये. शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे. कान धरून उभे करणे, वर्गापुढे अपमान करणे, "तुझ्या डोक्यात काही जाणार नाही" असे म्हणणे, हे सर्व त्यात येते. कायदा नसता तरी माझे उत्तर बदलले नसते.

तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे वळू. वर्गात आवाज होतो तेव्हा तो बहुतेक वेळा तुमच्या दोन कृतींच्या मधल्या रिकाम्या जागेत होतो. तुम्ही फळ्याकडे पाठ करून पाच ओळी लिहिता, तक्ता अडकवायला खिळा शोधता, साहित्य वाटता. त्या दोन मिनिटांत चाळीस मुलांनी काय करायचे हे तुम्ही सांगितलेले नसते. तक्ते पाठाआधी क्रमाने लावून ठेवा. फळ्यावर एका वेळी एकच ओळ लिहा आणि वळा. साहित्य वाटण्याआधी सूचना द्या, वाटल्यानंतर कोणी ऐकत नाही. प्रश्न आधी संपूर्ण वर्गाला विचारा, मनात पाचपर्यंत मोजा आणि मग नाव घ्या. नाव आधी घेतले की बाकीच्यांची सुटका होते. ही सर्व सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे महाविद्यालयातल्या छोट्या सराव पाठांत, शिकलेलीच कौशल्ये आहेत, फक्त तेथे समोर सहकारी बसलेले असतात आणि ते गोंगाट करीत नाहीत.

पावसाळ्यासाठी एक वेगळी सूचना. पत्र्याच्या छपराच्या वर्गात सर कोसळली की तुमचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंतही पोहोचत नाही. ओरडून घसा बसवू नका. प्रत्येक टाचणात दहा मिनिटांचे एक मूक काम लिहून ठेवा, चित्र पाहून पाच वाक्ये किंवा चार उदाहरणे, आणि पाऊस आला की ते पुढे घ्या. ढगाळ दिवशी वीज गेलेली असताना फळा शेवटच्या बाकावरून कसा दिसतो हे स्वतः तेथे बसून एकदा पाहा. मागचे मूल बोलते म्हणून तुम्ही रागावता, त्याला कदाचित फळाच दिसत नसेल आणि ते शेजाऱ्याला विचारत असेल.

प्रश्न : गतवर्षी आंतरवासितेच्या पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षकांनी आमच्यावर वर्ग सोपवला आणि ते ऑनलाइन माहिती भरण्याच्या कामाला बसले. काही दिवस दोन वर्ग एकत्र करून माझ्याकडे दिले गेले. या वर्षी पुन्हा तेच होईल अशी भीती वाटते. शाळेचे नाव कृपया देऊ नये.
*(छात्राध्यापक)*

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे. छात्राध्यापक शाळेत शिकायला येतो, रिक्त जागेची सोय म्हणून नव्हे. अनुभवी शिक्षकाने आधी शिकवावे, तुम्ही पाहावे, मग तुम्ही शिकवावे आणि त्याने पाहावे, हा आंतरवासितेचा गाभा आहे. तो सुटला तर वीस आठवडे नुसते दिवस भरणे होते.

तरीही त्या शिक्षकांच्या बाजूचे थोडे सांगते. दोन शिक्षकांच्या शाळेत जूनमध्ये नवीन प्रवेश, दाखले, पाठ्यपुस्तकांचे वाटप, पोषण आहाराच्या नोंदी आणि विद्यार्थ्यांची ऑनलाइन माहिती हे सारे एकाच पंधरवड्यात अंगावर येते. ते तुमच्यावर वर्ग सोपवतात तेव्हा त्यामागे बहुधा आळस नसतो, हतबलता असते. म्हणून तक्रारीच्या सुरात न जाता नेमके मागणे घेऊन जा : "सर, दिवसातला एक तास तुम्ही शिकवा, मी मागे बसून लिहून घेतो; आणि आठवड्यातून दोन पाठ माझे पाहा." एवढे मागणे नाकारणारा शिक्षक विरळा. त्यानेही काही झाले नाही, तर मार्गदर्शक प्राध्यापकांना लेखी कळवा. दिवस, वर्ग आणि तास यांची नोंद वहीत असेल, तर ते बोलणे कोणाच्या विरोधात जात नाही, केवळ वस्तुस्थिती सांगते.

एकत्र वर्गाविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. ती वेळ आली तर तिच्याकडे संकट म्हणून पाहू नका. आपल्या भागात लहान शाळा पुष्कळ आहेत, आणि नोकरी मिळेल तेव्हा पहिली शाळा कदाचित तशीच मिळेल. एका वर्गाला तोंडी शिकवताना दुसऱ्याला लेखी काम, आणि दिवसातून एकदा दोघांना मिळून गोष्ट किंवा गाणे, एवढ्या सूत्रावर सुरुवात करता येते. मोठ्या मुलाने लहानाला वाचून दाखवणे यात दोघांचाही फायदा होतो.

प्रश्न : आंतरवासितेच्या काळात शिक्षक पात्रता परीक्षेचा अभ्यास कसा करावा? शाळेत मोकळा तास मिळाल्यास पुस्तक वाचत बसणे योग्य आहे का?
*(छात्राध्यापिका, चाळीसगाव)*

उत्तर : दीडशे गुणांच्या त्या परीक्षेत तीस गुण बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्राचे असतात आणि ते प्रश्न वर्गात वावरलेल्याला सोपे जातात. वर सांगितलेल्या ५२ वजा २७ सारखे प्रसंग रोज एक लिहून ठेवा. उरलेला अभ्यास पहाटे किंवा रात्री करा. शाळेतल्या मोकळ्या तासात दुसऱ्या शिक्षकाच्या वर्गात मागे जाऊन बसणे, हा त्या तासाचा सर्वांत चांगला उपयोग आहे.

प्रश्न : मी शिक्षक नाही, पालक आहे. यावल तालुक्यात केळीची शेती करतो. माझ्या मुलीच्या शाळेत दरवर्षी शिकाऊ शिक्षक येतात, मुलांना त्यांचा लळा लागतो आणि मग ते निघून जातात. शिवाय प्रत्येक नवा माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. यात आमच्या मुलांचे नुकसान होत नाही का?
*(एक पालक, यावल)*

उत्तर : आपण हा प्रश्न विचारलात याबद्दल मी आपली ऋणी आहे, कारण तो आम्ही शिक्षकांनी स्वतःला विचारायला हवा होता. होय, नुकसान होऊ शकते. छात्राध्यापक नीट तयारीने आला तर मुलांना एक उत्साही माणूस, नवे साहित्य, नव्या गोष्टी मिळतात. तो केवळ पाठांची संख्या भरायला आला, तर मुलांचे ते दिवस परत येत नाहीत.

आपल्याकडून दोन गोष्टींची अपेक्षा करते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. जूनच्या बैठकीत छात्राध्यापकांना बोलवायला सांगा, त्यांची ओळख करून घ्या आणि ते कोणत्या वर्गाला काय शिकवणार आहेत हे विचारा. विचारणारे पालक आहेत हे कळले की शिकवणाऱ्याच्या तयारीत फरक पडतो. दुसरे, ते आपल्या घरी आले तर मुलीविषयी त्यांच्याशी बोला : ती घरी कशी बोलते, कशाला घाबरते, केळीच्या घडाचा भाव तोंडी काढते का. वर्गात गणिताला घाबरणारी मुलगी बागेत हिशेब करते, हे शिक्षकाला फक्त आपणच सांगू शकता.

पुन्हा पहिल्यापासून सुरू होण्याविषयी मी याच सदरातून छात्राध्यापकांना सांगते. तुमच्या आधीच्या छात्राध्यापकाच्या नोंदी शाळेत आहेत का, हे पहिल्या दिवशी विचारा. असल्या तर तेथून पुढे जा, नसल्या तर तुमच्यापासून सुरू करा. जाण्याच्या आठवडाभर आधी मुलांना जाण्याची तारीख सांगा, एकाएकी नाहीसे होऊ नका. आणि साधी शंभर पानी वही घ्या, प्रत्येक मुलाला दोन पाने. जूनमध्ये त्याला काय वाचता येत होते, कोणत्या वजाबाकीत तो अडकत होता, कशाने सुटला, घरी त्याला काय म्हणून हाक मारतात, कोणत्या गोष्टीला तो हसला. ती वही महाविद्यालयात जमा करायच्या फाइलमध्ये लावू नका. शेवटच्या दिवशी वर्गशिक्षकांसोबत अर्धा तास बसून ती त्यांना वाचून दाखवा आणि त्यांच्या कपाटात, हजेरीच्या कॅटलॉगशेजारी ठेवून या.